मथळ्याची पहिली लिपी

मुंबई मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाला आणि अंधेरी पूर्वेला कामाला येणाऱ्यांच्या तोंडी नव्या स्थानकांची नावं बसली. आरे जेव्हीएलआर, सीप्झ, एमआयडीसी-अंधेरी. मराठीत ही नावं लिहिताना कुणी अडखळत नाही. इंग्रजीत मात्र ती आद्याक्षरांची नावं आहेत. जेव्हीएलआर म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, त्याची चारही अक्षरं कॅपिटल हवीत. सीप्झ म्हणजे १९७३ साली उभं राहिलेलं सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, तिथं पाच अक्षरं कॅपिटल. आता हीच नावं घाईघाईत स्मॉलमध्ये टाइप करा आणि मथळ्याची कॅपिटल लावून देणाऱ्या एखाद्या साधनाच्या चौकटीत टाका. बटण दाबलं की प्रत्येक नावाचं फक्त पहिलं अक्षर मोठं होईल, बाकीची लहान राहतील. जेव्हीएलआर हे एखाद्या परदेशी माणसाचं आडनाव वाटेल आणि एमआयडीसी हा कुठल्याशा भाषेतला शब्द.

साधनाने नियम पाळला. त्याच्या दृष्टीने तो शब्द होता आणि शब्दाचं पहिलं अक्षर मथळ्यात मोठं असतं. तो शब्द नसून चार शब्दांची आद्याक्षरं आहेत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मथळ्यातली कॅपिटल ही वरवर अक्षरांची बाब दिसते, पण ती ठरते शब्दाच्या ओळखीवरून. हा शब्द नाम आहे की क्रियापद, गावाचं नाव आहे की उपसर्ग, इंग्रजी आहे की मराठी, हे कळल्याशिवाय अक्षर मोठं की लहान हे ठरत नाही. यंत्र यातलं बरंच काम चोख करतं. उरलेलं काम, विशेषतः आपल्या नावांचं, आपल्यालाच करावं लागतं.

अंधेरीत या गोष्टीला महत्त्व आहे, कारण इथं रोज असंख्य इंग्रजी मथळे मराठी हातांनी लिहिले जातात. पश्चिमेला ओशिवरा, वीरा देसाई रोड, वर्सोव्याचं आरामनगर या पट्ट्यात चित्रपट, मालिका आणि जाहिरातींची कचेरीमागून कचेरी आहे. पोस्टर, ट्रेलरखालची ओळ, सबटायटलची फाइल, प्रसिद्धिपत्रक, श्रेयनामावली हे सगळं तिथं तयार होतं. पूर्वेला एमआयडीसीत आणि सीप्झमध्ये सॉफ्टवेअरवाले आहेत, त्यांचे अहवाल आणि सादरीकरणं आहेत. हे काम करणाऱ्यांत मराठी माध्यमात शिकलेली मुलंमुली भरपूर आहेत. त्यांना इंग्रजी येतं, कामही उत्तम येतं, पण मथळ्यात ‘ऑफ’ लहान का आणि ‘इज’ मोठं का, हे शाळेत कुणी समजावून दिलेलं नसतं. मग साधन जे देईल ते खरं.

शाळेत आपण इंग्रजीच्या चार लिपी गिरवल्या. पहिली लिपी म्हणजे छापील कॅपिटल, दुसरी लिपी म्हणजे छापील स्मॉल, आणि तिसरी-चौथी हाताने वळवून लिहायची. या क्रमात इतिहासही आहे. रोमन लोकांच्या शिलालेखांत फक्त पहिली लिपी दिसते. इसवी सन ११३मध्ये रोममध्ये उभारलेल्या ट्राजनच्या स्तंभावरची अक्षरं आजही कॅपिटलचा आदर्श मानली जातात, आणि तिथं लहान अक्षर एकही नाही. लहान अक्षरं घडली ती हाताने भराभर लिहिण्याच्या गरजेतून. इसवी सन ८००च्या आसपास शार्लमेन बादशहाच्या काळात त्यांना एक सुबक, सर्वत्र वाचता येईल असं वळण मिळालं. पुढे दोन्ही लिपी एकाच पानावर नांदू लागल्या आणि मोठ्या अक्षराकडे खास कामं आली : वाक्याची सुरुवात, माणसाचं नाव, गावाचं नाव, ग्रंथाचं नाव. छापखाना आल्यावर जुळाऱ्याच्या समोर खिळ्यांच्या दोन पेट्या असत, वरच्या पेटीत मोठी अक्षरं आणि खालच्या पेटीत लहान. इंग्रजीत या अक्षरांना आजही त्या पेट्यांवरूनच ओळखतात.

देवनागरीला ही विभागणी कधीच नव्हती. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ मुंबईत निघालं तेव्हा त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापलेला होता. म्हणजे मराठी वृत्तपत्राच्या पहिल्या अंकापासून एका बाजूला मोठ्या-लहान अक्षरांची लिपी आणि दुसऱ्या बाजूला सगळी अक्षरं एकाच मापाची असलेली लिपी, असा संसार सुरू झाला. मराठी जुळाऱ्याची अडचण वेगळीच होती. त्याला मोठी अक्षरं नको होती, पण काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं यांचे शेकडो खिळे सांभाळावे लागत. ही संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनीही खटपट केली होती. मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रूढ केली, स्वल्पविराम आला, प्रश्नचिन्ह आलं, अवतरणचिन्हं आली. मोठं अक्षर तेवढं आलं नाही, कारण ते यायला लिपीत जागाच नव्हती. त्याचं थोडं काम मराठीने अवतरणचिन्हांवर सोपवलं. पुस्तकाचं, नाटकाचं, चित्रपटाचं नाव आपण एकेरी अवतरणात घालतो. उठाव द्यायचा तर अक्षर जाड करतो किंवा आकार वाढवतो. दुकानांच्या पाट्यांबद्दल महाराष्ट्राने २०२२मध्ये कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावा अशी अट घातली. पाटीवरचं इंग्रजी बहुधा सगळं कॅपिटलमध्ये असतं, शेजारचं मराठी त्यासमोर किरकोळ दिसू नये यासाठी आपल्याकडे आकार हाच उपाय आहे.

आता इंग्रजी मथळ्याच्या नियमाकडे येऊ. ढोबळ नियम असा : पहिला आणि शेवटचा शब्द नेहमी मोठ्या अक्षराने, मधली नामं, सर्वनामं, क्रियापदं, विशेषणं आणि क्रियाविशेषणं मोठ्या अक्षराने, आणि ‘ए’, ‘अ‍ॅन’, ‘द’ ही उपपदं, ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ अशी छोटी उभयान्वयी अव्ययं व छोटी शब्दयोगी अव्ययं लहान अक्षराने. यातली सगळ्यात नेहमीची चूक ‘इज’ची. दोन अक्षरांचा इवलासा शब्द, म्हणून लोक तो लहान ठेवतात. पण ते क्रियापद आहे आणि क्रियापद मथळ्यात मोठंच असतं. ‘इट’, ‘माय’, ‘बी’, ‘डू’ यांचंही तसंच. लांबी पाहून ठरवायचं नाही, शब्द काय काम करतो ते पाहून ठरवायचं.

शब्दयोगी अव्ययांपाशी आलं की इंग्रजीतल्या जाणत्यांचंही एकमत नाही. एक साधा मथळा घेऊ : ‘ए वॉक थ्रू अंधेरी विथ माय मदर’. इंग्रजी वर्णांत ‘थ्रू’ची अक्षरं सात, ‘विथ’ची चार. असोसिएटेड प्रेसच्या पद्धतीप्रमाणे ग्रंथ-चित्रपटांच्या नावांत चार किंवा जास्त अक्षरांचा शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, म्हणून दोन्ही मोठे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची, म्हणजे एपीएची पद्धतही चार अक्षरांचीच मर्यादा धरते. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या, म्हणजे एमएलएच्या पद्धतीत शब्दयोगी अव्यय कितीही लांब असो, ते लहानच, म्हणून दोन्ही लहान. शिकागो मॅन्युअल या लेखन-नियमांच्या ग्रंथाची गंमत अशी की २०१७च्या सतराव्या आवृत्तीपर्यंत त्यांचंही म्हणणं एमएलएसारखंच होतं. २०२४च्या अठराव्या आवृत्तीत त्यांनी ते बदललं आणि पाच किंवा जास्त अक्षरांची शब्दयोगी अव्ययं मोठी केली. म्हणजे आता शिकागोप्रमाणे ‘थ्रू’ मोठं आणि ‘विथ’ लहान. एकच मथळा, तीन वेगळी रूपं, आणि तिन्ही बरोबर. म्हणून साधन वापरताना सर्वांत आधी त्यात कोणती पद्धत निवडलेली आहे ते बघावं. अनेक जण हे बघतच नाहीत. मग एका फाइलमध्ये एक रूप आणि दुसऱ्या फाइलमध्ये दुसरं येतं, आणि निर्मात्याच्या कचेरीतून ‘नक्की कोणतं बरोबर’ असा फोन येतो.

हा वाद किती ताणला जाऊ शकतो याचं प्रसिद्ध उदाहरण विकिपीडियावर घडलं. ‘स्टार ट्रेक इंटू डार्कनेस’ या २०१३च्या चित्रपटाच्या नावात ‘इंटू’चा आय मोठा की लहान, यावर तिथल्या संपादकांनी चाळीस हजारांहून जास्त शब्दांची चर्चा केली. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेचा भाग म्हणून वाचलं तर ‘इंटू’ हे उपशीर्षकाचं पहिलं पद ठरतं आणि मोठं हवं. सलग वाक्य म्हणून वाचलं, म्हणजे तारकांचा प्रवास अंधाराकडे, तर ते मधलं शब्दयोगी अव्यय ठरतं. अखेर अक्षर मोठंच राहिलं. मला या वादात वेळेची नासाडी दिसत नाही. एका अक्षराच्या आकारावरून नावाचा अर्थ कसा लावायचा हे ठरत होतं, आणि ते ठरवायला माणसंच लागली.

साधन आतून काय करतं ते पाहिलं की त्याच्या मर्यादा लगेच उलगडतात. या कामासाठी अनेकांनी पायाभूत मानलेली एक छोटी आज्ञावली जॉन ग्रूबर या अमेरिकन लेखकाने २००८मध्ये पर्ल भाषेत लिहून खुली केली. तिच्या पोटात लहान ठेवायच्या शब्दांची एक यादी आहे. ‘ए’, ‘अ‍ॅन’, ‘अँड’, ‘अ‍ॅज’, ‘अ‍ॅट’, ‘बट’, ‘बाय’, ‘फॉर’, ‘इफ’, ‘इन’, ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘ऑर’, ‘द’, ‘टू’, ‘व्हाया’ आणि विरुद्ध या अर्थाची ‘व्ही’ व ‘व्हीएस’ ही संक्षिप्त रूपं. यादीतला शब्द मधे आला तर लहान, पहिला-शेवटचा असेल किंवा अपूर्णविरामानंतर येत असेल तर मोठा. शब्दाच्या पोटात आधीच मोठं अक्षर असेल तर त्याला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम फार शहाणपणाचा आहे. आपल्याकडच्या सरकारी ‘एमआधार’ अ‍ॅपच्या नावात पहिला एम लहान आणि पुढचा ए मोठा आहे, ‘एमपरिवहन’मध्येही तसंच, ‘डिजिलॉकर’मध्ये मधला एल मोठा. पोटातलं मोठं अक्षर पाहून असं साधन बाजूला होतं आणि नाव शाबूत राहतं. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि बाकी सगळं लहान करणारी भाबडी साधनं मात्र तिन्ही नावांची वाट लावतात.

भाबडेपणाचा आणखी एक नमुना पायथन भाषेत सापडतो. तिच्यातली मथळ्याची सोय अक्षर नसलेल्या प्रत्येक चिन्हानंतर मोठं अक्षर घालते. त्यामुळे ‘डोन्ट’मधल्या वरच्या स्वल्पविरामानंतरचा टी मोठा होतो आणि शब्द विचित्र दिसतो. पायथनच्या अधिकृत माहितीतच याबद्दल सावध केलेलं आहे. पण याच नियमाने ‘डिसूझा’ आणि ‘डिमेलो’ ही आडनावं बरोबर येतात, कारण त्यांच्यात डीनंतर तोच स्वल्पविराम आणि मग मोठं अक्षर असतं. ‘डोन्ट’ सांभाळणाऱ्या अनेक हुशार साधनांत स्मॉलमध्ये टाइप केलेलं ‘डिसूझा’ बिघडतं, डीनंतरचा एस लहानच राहतो. मरोळ, चकाला, आंबोली, वर्सोवा या जुन्या गावठाणांत ईस्ट इंडियन कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, त्यामुळे अंधेरीत लिहिल्या जाणाऱ्या मजकुरात ही आडनावं सतत येतात. ती मूळ टाइप करतानाच नीट केली पाहिजेत.

खरा घोळ होतो तो रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठी-हिंदी नावांत. आपल्याकडची रूढी साधी आहे : रोमनमध्ये लिहिलेल्या चित्रपटाच्या नावातला प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो. ‘कट्यार काळजात घुसली’ घ्या, ‘तारे जमीन पर’ घ्या, कोणत्याही शब्दाला लहान-मोठं करायचं नाही. साधनाकडे मात्र इंग्रजी यादी आहे. ‘हम तो मोहब्बत करेगा’ हा २००० सालचा चित्रपट. त्यातला ‘तो’ रोमनमध्ये टी आणि ओ असा लिहिला जातो, तंतोतंत इंग्रजी ‘टू’सारखा. यादीला तो ‘टू’च वाटतो आणि मधोमध असल्याने लहान होतो. मराठीत तर ‘तो’ हे सर्वनाम, इंग्रजी नियमानेही मोठ्या अक्षराचंच हक्कदार. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला ‘तो’ केवळ पहिला शब्द म्हणून वाचतो. काही साधनांनी यादीत युरोपीय नावांतली ‘द’, ‘ला’, ‘ल’ अशी पदंही घेतली आहेत, ती नेहमी लहान ठेवायची म्हणून. अशा साधनात ‘चक दे! इंडिया’मधला ‘दे’ आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधला ‘ले’ फ्रेंच समजून लहान केला जाण्याची भीती आहे. ‘दे’ आणि ‘ले’ ही आपली क्रियापदं आहेत हे त्या यादीला ठाऊक नाही.

या सगळ्यात मला सर्वांत लागलेलं उदाहरण ‘व्ही’चं आहे. इंग्रजी कोर्टाच्या निकालात दोन पक्षकारांच्या नावांमध्ये ‘व्ही’ आणि टिंब असतं, विरुद्ध या अर्थी. ते लहान ठेवायचं म्हणून ग्रूबरच्या यादीत ‘व्ही’ टिंबासकट आहे. आता ‘द फिल्म्स ऑफ व्ही. शांताराम’ असा मथळा त्या नियमातून काढा. ‘व्ही’ मधे आहे, टिंबासकट आहे, म्हणजे तो लहान. ‘दो आंखें बारह हाथ’ आणि ‘पिंजरा’ देणाऱ्या दिग्दर्शकाच्या नावाचं पहिलंच अक्षर खाली बसतं. मराठी माणसांची नावं आद्याक्षरांनी लिहायची आपली जुनी सवय. वि. स. खांडेकर, वि. वा. शिरवाडकर ही नावं इंग्रजीत जातात तेव्हा त्यांची सुरुवात याच ‘व्ही’ने होते. ज्यांनी यादी केली त्यांच्यासमोर ही नावं नव्हती, यात त्यांचा दोष नाही. पण आपल्यासमोर ती आहेत.

साधनाला सगळा मजकूर कॅपिटलमध्ये दिला तर आणखी एक नुकसान होतं. पोस्टरवरून किंवा पाटीवरून मजकूर उतरवताना तो बहुधा सगळा कॅपिटलमध्येच मिळतो. त्यात ‘मरोळ’ही कॅपिटल आणि ‘एमआयडीसी’ही कॅपिटल. कुठलं नाव आणि कुठली आद्याक्षरं हा फरक तिथंच पुसला जातो. साधन काय करतं, सगळं आधी लहान करतं आणि मग शब्दांची पहिली अक्षरं उचलतं. पुसलेली माहिती कोणत्याही नियमाने परत येत नाही. म्हणून सबटायटल किंवा श्रेयनामावली तयार करणाऱ्यांनी मूळ मजकूर नेहमी मिश्र अक्षरांत जपावा. त्यातून सगळं कॅपिटल केव्हाही करता येतं, उलटं करता येत नाही.

इथवरची चर्चा इंग्रजी मजकुराची झाली. कॅपिटल लावणारी सोय मराठी मजकुराला इजा करू शकते का? युनिकोडमधल्या मराठीला नाही. युनिकोडने देवनागरीला १२८ जागांचा मुख्य विभाग दिला आहे आणि त्यातल्या अक्षरांची नोंद ‘मोठं नाही, लहानही नाही’ अशा गटात आहे. साधनाने कितीही बटणं दाबली तरी ‘अंधेरी’ हा शब्द जसाच्या तसा राहतो. पण आपल्याकडचं डीटीपीचं काम वर्षानुवर्षं युनिकोडमध्ये नव्हतं, आणि काही ठिकाणी अजूनही नाही. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरंच, फक्त त्यांचा चेहरा देवनागरी असतो. कृतिदेवमध्ये ‘सरकार’ हा शब्द एल, जे, डी, के, जे या पाच कळांनी टाइप होतो. लहान एल म्हणजे पूर्ण ‘स’, आणि शिफ्ट दाबून मोठा एल म्हणजे अर्धा ‘स’. आता वर्डमधली ‘वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करा’ ही आपोआप दुरुस्ती चालू असेल, तर परिच्छेदाच्या सुरुवातीचा एल मोठा होतो आणि ‘सरकार’चं ‘स्रकार’ होतं. ‘कमल’ हा शब्द डी, ई, वाय या कळांचा, त्याचं ‘क्मल’ होतं. चुकून सगळा मजकूर निवडून शिफ्ट आणि एफ-३ दाबलं, तर पानभर प्रत्येक शब्दाची हीच गत. डीटीपी ऑपरेटर नवीन संगणकावर बसला की आधी ही आपोआप दुरुस्ती बंद करतो, ती याच कारणाने.

रोमन कळांनी उच्चाराप्रमाणे मराठी टाइप करणाऱ्यांचंही असंच आहे. आयट्रान्ससारख्या पद्धतीत लहान टी म्हणजे ‘त’ आणि मोठा टी म्हणजे ‘ट’, लहान डी म्हणजे ‘द’ आणि मोठा डी म्हणजे ‘ड’, लहान एल म्हणजे ‘ल’ आणि मोठा एल म्हणजे ‘ळ’. तिथं मोठं अक्षर हा मानाचा प्रश्न नाही, तो वेगळा उच्चार आहे. असा मजकूर मथळ्याच्या साधनातून गेला तर ‘दादर’चं ‘डादर’ होतं, आणि पोटातली अक्षरं लहान करणारं साधन असेल तर ‘टिळक’चं ‘टिलक’ होतं. जुन्या आयट्रान्स फाइली हाताळणाऱ्यांनी त्या आधी देवनागरीत बदलून घ्याव्यात, नंतरच पुढची कामं करावीत.

मोठी अक्षरं नसल्याचा तोटा मराठीला एका वेगळ्या ठिकाणी जाणवतो. संगणकाला मजकुरातली माणसांची आणि गावांची नावं हुडकायला शिकवायचं असेल तर इंग्रजीत कॅपिटलचा मोठा आधार मिळतो. मराठीत ‘आशा पुन्हा मैदानात’ या मथळ्यात आशा ही खेळाडू आहे की मनातली उमेद, हे अक्षराच्या आकारावरून कळायची सोय नाही. प्रकाश, विजय, किरण, शांती, कीर्ती, आपली कितीतरी नावं रोजच्या वापरातले शब्द आहेत. म्हणून मराठीसाठी हे काम माणसांनी वाक्य न्‌ वाक्य तपासूनच करावं लागतं. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२मध्ये ‘महानेर’ या नावाने २५ हजार मराठी वाक्यांचा संग्रह खुला केला. त्यातल्या प्रत्येक वाक्यात व्यक्ती, स्थळ, संस्था यांच्या नावांवर हाताने खुणा केलेल्या आहेत. इंग्रजीत मोठं अक्षर जे फुकट सांगतं ते मराठीत असं कष्टाने मिळवावं लागतं, आणि असं काम आपल्याकडे होतंय ही आनंदाची गोष्ट आहे.

अलीकडे भाषा-मॉडेलांवर चालणारी साधनंही आली आहेत. ती यादीवर विसंबत नाहीत, आजूबाजूचे शब्द पाहून अंदाज करतात. ‘लुकिंग अप ए वर्ड’मधलं ‘अप’ क्रियापदाला चिकटलेलं आहे म्हणून मोठं, आणि ‘रनिंग अप द हिल’मधलं ‘अप’ शब्दयोगी म्हणून लहान, हा भेद साध्या यादीला कधीच जमला नसता, ह्यांना बहुतेक वेळा जमतो. त्यांच्याबाबत काळजी दुसरी घ्यायची. कॅपिटल लावायला सांगितलेलं असताना ती कधी कधी शब्दाचं स्पेलिंगही बदलून देतात. चित्रपटाच्या नावातल्या ‘घाणेकर’ किंवा ‘बोलतोय’ यांचं निर्मात्याने नोंदवलेलं रोमन रूप त्यांना चुकीचं वाटलं तर ती ते ‘सुधारतात’, आणि पोस्टर छापून आल्यावर ते लक्षात येतं. आलेला मथळा मूळ मथळ्याशी अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहणं याला पर्याय नाही.

माझं मत विचाराल तर बातम्या, अहवाल, सादरीकरणं यांच्यासाठी मी साध्या वाक्यासारखा मथळा पसंत करीन : पहिला शब्द आणि विशेषनामं एवढीच मोठ्या अक्षराने. बीबीसी आणि ‘गार्डियन’ आपले मथळे असेच देतात, असोसिएटेड प्रेसचे बातमीचे मथळेही असेच असतात. वाद कमी होतात, चुका कमी होतात आणि अंधेरी, मरोळ, साकी नाका ही नावं मजकुरात उठून दिसतात. चित्रपटांची, नाटकांची, पुस्तकांची नावं मात्र मोठ्या अक्षरांतच हवीत, कारण तो नावाचा भाग असतो आणि लेखक-निर्मात्यांनी तो विचार करून ठरवलेला असतो.

साधन कुठलंही असो, त्यातल्या चांगल्या साधनांत आपली अपवादांची यादी जोडायची सोय असते. ती सोय बहुतेक कचेऱ्यांत रिकामी पडून असते. ज्यांच्या हातून रोज इंग्रजी मथळे जातात त्यांनी आजच एक साधी फाइल उघडावी. तीत जेव्हीएलआर, सीप्झ, एमआयडीसी, बीकेसी ही आद्याक्षरं घालावीत. डी. एन. नगर आणि जे. बी. नगर घालावं. डिसूझा, डिमेलो घालावेत. व्ही. शांताराम आणि वि. वा. शिरवाडकर घालावेत. रोमन ‘तो’, ‘दे’, ‘ले’ हे देशी शब्द आहेत असं स्पष्ट नोंदवावं आणि चालू चित्रपटांची, मालिकांची नावं निर्मात्याने नोंदवली तशीच उतरवावीत. नवं नाव आलं की त्याच दिवशी त्यात भर घालावी. काम तासाभराचं आहे, आणि ते आपल्यासाठी दुसरं कुणी करणार नाही.